हार्बरवर सुरुवात, हार्बरवरच शेवट

आज रेल्वेच्या डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारांबद्दल बोलू या.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत भारतातली पहिली विजेची गाडी धावली. तारेत १,५०० व्होल्टची डीसी वीज होती. बोरघाट आणि थळघाटात ३७ फुटांमागे एक फूट असा चढ. वाफेच्या इंजिनांचा तिथे दम निघे. १९३० पर्यंत तारा हे घाट चढून पुण्याला आणि इगतपुरीला पोहोचल्या. १९३१ मध्ये मद्रासनेही हीच पद्धत घेतली.

मग ती बदलावी का लागली? दाब कमी असला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह जास्त लागतो. त्यासाठी तांब्याची तार जाड हवी आणि उपकेंद्रं जवळजवळ हवीत. एका शहराला हे झेपतं, हजारो किलोमीटरना परवडत नाही. म्हणून १९५७ च्या सुमारास फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने भारताने २५,००० व्होल्ट एसी स्वीकारली. दाब जवळपास १७ पट, त्यामुळे प्रवाह तितकाच कमी. तार हलकी झाली, उपकेंद्रं लांब लांब गेली.

पण मुंबईची लोकल एक दिवसही बंद ठेवता येत नव्हती. त्यामुळे नव्या विजेवर येणाऱ्या गाड्यांची इंजिनं इगतपुरीला बदलावी लागत; पुढे दोन्ही विजेवर चालणारी इंजिनं आली. तारा बदलायच्या त्या रात्रीच्या थोड्या तासांत. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ मध्ये संपलं. प्रवासी लोकलसाठी डीसी शेवटपर्यंत उरली ती हार्बरवर, एप्रिल २०१६ पर्यंत. जिथे सुरू झाली तिथेच, ९१ वर्षांनी ती थांबली.

सामग्री बदलते, माणसाची सवय मागे राहते, हे मी फौजेत अनेकदा पाहिलं. टपावर बसून जाणारे १,५०० व्होल्टखालीही जीव गमावत. २५,००० व्होल्टच्या तारेला तर हात लागायचीही गरज नाही; जवळ गेलं की वीज हवेतूनच झेप घेते. म्हणून वीज बंद करून तार जमिनीला जोडल्याशिवाय तिच्या दोन मीटरच्या आत जायचं नाही, असा रेल्वेचा नियम आहे. तारेखाली उभ्या लष्करी स्पेशलवर रणगाडे लादलेले असोत की ट्रक, वॅगनवर चढायला आमच्या जवानांना सक्त मनाई असे.

आज देशातले बहुतेक ब्रॉडगेज मार्ग या तारेखाली आहेत. तेव्हा तुमच्या गावच्या यार्डात कुणी पोरगा फोटोसाठी उभ्या वॅगनवर चढताना दिसला, तर त्याला खाली बोलवा. तार शांत दिसते, म्हणजे ती बंद आहे असं नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद!