गळा कोणाचा, शब्द कोणाचे?

अमेरिकेतील काळ्या माणसांच्या लढ्याविषयी आपण बोलतो तेव्हा नेत्यांविषयी आणि पुस्तकांविषयी बोलतो. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव घेतले ते ब्लॅक पँथरवरून. रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन आपल्या चर्चेत आले. पण त्याच काळात तिथे रंगमंचावर उभ्या राहून गाणाऱ्या काळ्या स्त्रियांकडे आपले लक्ष गेले नाही. मीही त्यांना करमणुकीच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. 'लाबेल' या गायिकांच्या गटाचा इतिहास वाचल्यावर ती चूक मला कबूल करावी लागते.

साठच्या दशकाच्या आरंभी फिलाडेल्फिया आणि ट्रेंटन येथील चार मुली एकत्र आल्या : पॅटी लाबेल, नोना हेन्ड्रिक्स, सारा डॅश आणि सिंडी बर्डसाँग. गटाचे नाव 'ब्लूबेल्स'. १९६२ साली या नावावर पहिले गाणे गाजले. पण ध्वनिमुद्रिकेवरचा आवाज या मुलींचा नव्हताच. तो शिकागोच्या 'स्टारलेट्स' या दुसऱ्या काळ्या मुलींचा होता. कंपनीने आवाज एकींचा घेतला आणि नाव दुसरींचे छापले. गाणाऱ्या अनामिक राहिल्या. ज्यांचे नाव झाले त्यांना दुसऱ्यांचे गाणे आपले म्हणून गावे लागले. धंद्याच्या लेखी काळ्या मुलींचे गळे म्हणजे कच्चा माल. कोणता गळा कोणाचा, याची नोंद ठेवण्याची त्याला गरज वाटली नाही.

१९६७ साली बर्डसाँग 'सुप्रीम्स'मध्ये गेली. उरलेल्या तिघींना विकी विकहॅम ही ब्रिटिश व्यवस्थापक मिळाली. १९७१ साली गटाचे नाव 'लाबेल' झाले. एकसारखे झगे गेले, केसांचे टोप गेले. त्याहून मोठा बदल म्हणजे नोना हेन्ड्रिक्स स्वतः गाणी लिहू लागली. १९७३ च्या 'प्रेशर कुकिन' या तबकडीतील बहुतेक गाणी तिची आहेत. गिल स्कॉट-हेरन यांच्या क्रांतीवरील प्रसिद्ध रचनेलाही या तिघींनी तिथे स्वर दिला. ज्यांनी केवळ गायचे अशी अपेक्षा होती, त्या आता बोलू लागल्या होत्या.

६ ऑक्टोबर १९७४ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यांचा कार्यक्रम झाला. १८८३ साली सुरू झालेल्या या संस्थेत मेरियन अँडरसन या काळ्या गायिकेला भूमिका मिळायला १९५५ साल उजाडले होते. तिथे लोकप्रिय संगीत गाणारा पहिला काळा गट म्हणून या तिघी चंदेरी पोशाखात उभ्या राहिल्या. श्रोत्यांनाही अंगावर काहीतरी चंदेरी घालून येण्याचे निमंत्रण होते.

आणि तरीही लोकांना आठवते ते एकच गाणे, 'लेडी मार्मलेड'. बॉब क्रू आणि केनी नोलन या दोन गोऱ्या पुरुषांनी लिहिलेले, न्यू ऑर्लिन्समधील वेश्येविषयीचे. ॲलन टूसेंट या काळ्या संगीतकाराच्या दिग्दर्शनाखाली ते ध्वनिमुद्रित झाले आणि मार्च १९७५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. डिस्कोच्या नाचघरांनी ते उचलून धरले. २००१ साली चार नव्या गायिकांनी ते गायिले तेव्हाही ते पहिलेच आले. मी त्या गाण्याला कमी लेखत नाही. त्या तिघींच्या गळ्यातून आलेली ती स्त्री दीनवाणी नाही, ताठ मानेची आहे. पण त्याच 'नाइटबर्ड्स' तबकडीचे नाव ज्या गाण्यावरून पडले ते नोनाने लिहिलेले होते, हे किती जणांना ठाऊक आहे? बाजाराने काळ्या स्त्रीचा आवाज घेतला. तिचा शब्द मात्र मागे ठेवला.

१९७६ च्या अखेरीस संगीताच्या दिशेवरून मतभेद होऊन गट फुटला. २००८ साली तिघींनी पुन्हा एकत्र येऊन एक तबकडी काढली. २०२१ साली सारा डॅश गेली.

आपण वर्गात आणि शिबिरांत काळ्या साहित्याविषयी बोलतो तेव्हा कवींच्या यादीत नोना हेन्ड्रिक्सचे नाव येत नाही. ती लिहीत होती, आपण ती फक्त गाते असे समजत होतो. शोषितांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तरी कंपनीची वही प्रमाण मानू नये.