अल्लादीनची गोष्ट सांगणारा हन्ना

तिसरी-चौथीच्या वर्गात परीकथा शिकवायची म्हटली की शिक्षक आता आधी इंटरनेट उघडतात. 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'वर अँड्र्यू लँगचे १८८९ सालचे 'ब्लू फेअरी बुक' फुकट वाचायला मिळते. त्यात अल्लादीन आहे, चाळीस चोरही आहेत. २०१५ साली सुरू झालेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठीतली सचित्र पुस्तके मिळतात. सोय मोठी आहे, तिला आम्ही नावे ठेवणार नाही. पण लँग अल्लादीनचे मूळ म्हणून फक्त 'अरेबियन नाइट्स' सांगतो, आणि ही अर्धीच हकीकत आहे.

अरबी कथांचा हा खजिना युरोपला दिला तो आंत्वान गालाँ या फ्रेंच पंडिताने. १७०४ ते १७१७ या काळात त्याचे बारा खंड निघाले. त्याच्यापाशी सीरियातून आलेले अरबी हस्तलिखित होते. त्यात शहरजाद आहे, कोळी आणि जिन आहे. अल्लादीन नाही, अलिबाबाही नाही. हस्तलिखित सरत आले, वाचकांची भूक मात्र सरली नव्हती. अशात १७०९ साली पॅरिसमध्ये गालाँला हन्ना दियाब भेटला. हा हलबचा, म्हणजे अलेप्पोचा, मारोनी ख्रिस्ती तरुण. त्याने सांगितलेल्या गोष्टी गालाँने रोजनिशीत टिपल्या. त्यांतूनच अल्लादीन, अलिबाबा, शहजादा अहमद आणि परीबानू छापील खंडांत आले. सांगणाऱ्याचे नाव तेवढे आले नाही.

हन्ना १७१० मध्ये हलबला परतला, कापडाचा व्यापारी झाला. म्हातारपणी त्याने आपल्या सफरीची हकीकत अरबीत लिहिली. ती व्हॅटिकनच्या ग्रंथालयात निनावी पडून होती. १९९३ मध्ये तिचा कर्ता ओळखला गेला आणि २०२१ मध्ये इंग्रजी भाषांतर आले. त्यात एक किस्सा आहे. हन्नाला फ्रान्सला नेणाऱ्या पॉल लूका या प्रवाशाने सीरियात एका जुन्या थडग्यात एका धनगराला उतरवले. त्याने आतून अंगठी आणि दिवा आणून दिला. पुढे हन्नाने व्हर्सायचा राजवाडाही पाहिला. दिवा, अंगठी आणि राजवाडा! आम्हांला हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

मराठीत या अरबी कथा एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणल्या, त्याही इंग्रजीवरून.

आजच्या मुलांचा अल्लादीन मात्र १९९२ च्या डिस्ने चित्रपटातला असतो. त्यातल्या सुरुवातीच्या गाण्यात अरबांच्या देशात चेहरा आवडला नाही तर कान कापतात, अशा अर्थाची ओळ होती. अरब-अमेरिकनांनी हरकत घेतल्यावर १९९३ मध्ये ती बदलली. त्या देशाला रानटी म्हणणारा शब्द तसाच राहिला. वर्गात एखादा अलाउद्दीन असला की त्याला दिव्यावरून चिडवले जाते. मुले ते थट्टेतच करतात, पण त्याला ते लागते.

गंमत अशी की गालाँच्या पुस्तकातला अल्लादीन चीनमधला, शिंप्याचा पोर. जुन्या इंग्रजी चित्रपुस्तकांत तो चिनी पोशाखात दिसतो. ही चित्रे इंटरनेटवर सहज सापडतात. ती डिस्नेच्या चित्राशेजारी लावावीत आणि मुलांना विचारावे, हा कुठला? आमच्यातले काही जण 'अल्लादीन आपला' म्हणून मिरवतात. त्यांनाही हा प्रश्न विचारायला हरकत नाही. नायक चीनमधला मुसलमान, सांगणारा हलबचा ख्रिस्ती, लिहिणारा फ्रेंच. मग फळ्यावर गोष्टीच्या नावाखाली लिहावे : सांगणारा हन्ना दियाब, गाव हलब, साल १७०९.