चाळणीच्या वर आणि खाली

इंग्रजीतला 'सिफ्ट' हा मोठा घरगुती शब्द आहे. आपल्या कानाला तो 'शिफ्ट'चा भाऊ वाटतो. पण दोघांचे गोत्र निराळे. 'सिफ्ट' म्हणजे चाळणे. प्राचीन इंग्रजीत चाळणीला 'सिफे' म्हणत, तिच्याच कुळातले हे क्रियापद. म्हणजे तिकडे क्रियेचे नाते हत्याराशी आहे. आपले 'चाळणे' हलविण्याच्या 'चल्' धातूतले, त्यात हात दिसतो. आपण पुस्तकही चाळतो. मात्र तेव्हा बहुधा चाळणीवर काहीच राहत नाही!

हा शब्द पिठावरून माणसावर कसा आला? १५२६ साली विल्यम टिंडेलचे नव्या कराराचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. त्यात येशू पेत्राला बजावतो, की सैतान तुम्हांला गव्हासारखे चाळू पाहत आहे. तिथे 'सिफ्ट'च आहे. १६०० च्या सुमाराच्या 'हॅम्लेट' नाटकात राजाच्या तोंडी तो 'कसून तपासणे' या अर्थाने येतो. आज इंग्रज न्यायाधीश पुरावा 'सिफ्ट' करतो, आणि इतिहासकारही.

येथे जरा थांबले पाहिजे. गहू चाळताना माती खाली पडते, वर राहतो तो दाणा आपला. पीठ चाळताना उलटे. खाली पडते ते आपले, वरचा कोंडा गुरांना. शब्द एकच. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे 'सिफ्ट' सांगत नाही, चाळणीही सांगत नाही. ते चाळणाऱ्याने आधीच ठरविलेले असते. सैतानही चाळतोच की!

आपल्याकडे वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला आणि अस्सल पत्रांपुढे बखरींची किंमत उतरविली. त्यांची चाळणी बारीक होती, आणि ती तशी असणे जरूरच होते. पत्रातली तारीख, मुक्काम, फौजेचा हिशेब यांपुढे बखरकाराचे ऐकीव बोल टिकणार कसे? पण पानिपतावर काय घडले हा एक प्रश्न झाला. त्या घाताची आठवण लोकांनी मनात कशी ठेवली, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नासाठी चाळायला बसले, की पहिल्या वेळी टाकलेलेच हाती घ्यावे लागते. 'भाऊसाहेबांची बखर' आम्ही अजून वाचतो, ती तारखांसाठी नव्हे.