मूत्राशयातली नळी : एका साध्या साधनाचा इतिहास

उत्सर्जन संस्थेचा धडा शिकवताना आपण मूत्रपिंडावर बराच वेळ देतो. नेफ्रॉनची आकृती काढून घेतो, गाळण आणि पुनर्शोषण समजावून सांगतो. मूत्राशय मात्र एका वाक्यात आटोपतो : ‘येथे मूत्र साठवले जाते व वेळोवेळी बाहेर टाकले जाते.’ या ‘वेळोवेळी’ शब्दाला किती अर्थ आहे, हे ज्याची लघवी अडली आहे त्यालाच कळते. म्हातारपणी प्रोस्टेट ग्रंथी वाढते, मूतखडा आडवा येतो, मणक्याला इजा होऊन मज्जारज्जूचा संदेश तुटतो, किंवा जन्मतःच मज्जारज्जूची वाढ अपुरी राहते. कारण कोणतेही असो, साठलेले मूत्र बाहेर काढावेच लागते. त्यासाठी माणसाने शोधलेला उपाय म्हणजे मूत्रमार्गातून मूत्राशयापर्यंत घातलेली पोकळ नळी. तिलाच आपण कॅथेटर म्हणतो. हा मूळ ग्रीक शब्द असून ‘खाली सोडणे’ अशा अर्थाच्या क्रियापदापासून तो आला आहे.

या नळीचा इतिहास पाहताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. नळी आत कशी घालायची हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच बऱ्याच अंशी सुटला होता. नळीबरोबर आत काय जाते, हा प्रश्न विचारायला मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. त्याचे उत्तर आपण अजूनही शोधत आहोत.

धातूची नळी

सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेच्या साधनांमध्ये ‘नाडीयंत्रे’ असा एक स्वतंत्र वर्गच आहे. नाडी म्हणजे पोकळ नळी. शिश्नाग्राची त्वचा आवळून मूत्राचा मार्ग अडतो तेव्हा दोन्ही तोंडे उघडी असलेली लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी तूप लावून आत सरकवावी, आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी घालून मार्ग हळूहळू रुंद करावा, असे तेथे सांगितले आहे. तूप लावण्याची सूचना महत्त्वाची आहे. कोरडी नळी आतल्या नाजूक अस्तराला खरवडते, हे त्या वैद्यांना अनुभवाने ठाऊक होते. आजही वंगण लावल्याशिवाय नळी घालत नाहीत.

इकडे रोममध्ये इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस याने वैद्याजवळ काशाच्या किती नळ्या असाव्यात ते लिहून ठेवले : पुरुषांसाठी तीन व स्त्रियांसाठी दोन. त्यांची लांबीही त्याने बोटांच्या मापात दिली आहे. पुरुषांची सर्वांत मोठी नळी पंधरा बोटे, तर स्त्रियांची मोठी नळी नऊ बोटे. स्त्रीचा मूत्रमार्ग आखूड असतो, हे त्याच्या मोजमापातच आले आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई शहराच्या उत्खननात अशा नळ्या प्रत्यक्ष सापडल्या. पुरुषांसाठीची नळी इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळणदार आहे, कारण पुरुषाचा मूत्रमार्गही सरळ नसतो.

धातूची नळी ताठ असते, हा तिचा मोठा दोष. अमेरिकेत १७५२ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन याच्या भावाला, जॉनला, मूतखड्याचा त्रास होता. पतंग आणि विजेच्या प्रयोगामुळे आपल्याला माहीत असलेला हाच फ्रँकलिन. तो चांदीकाम करणाऱ्या कारागिराकडे गेला, काम पुरे होईपर्यंत त्याच्याशेजारी बसून राहिला आणि वाकू शकेल अशी चांदीची नळी त्याने करवून घेतली.

खरी लवचीक नळी रबराने दिली. चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने रबर पक्के करण्याची रीत शोधली. त्यानंतर पॅरिसचे शल्यविशारद नेलातों यांची तांबड्या रबराची नळी वापरात आली. त्याच शहरात शार्यर नावाच्या उपकरण बनवणाऱ्याने नळ्यांच्या जाडीचे प्रमाण ठरवले : बाहेरील व्यासाच्या दर एक तृतीयांश मिलिमीटरला एक अंक. आज रुग्णालयात ‘सोळा नंबरची नळी द्या’ असे म्हणतात, तेव्हा १६ भागिले ३ म्हणजे सुमारे ५.३ मिलिमीटर व्यासाची नळी मागितलेली असते.

नळीचा ताप

एकोणिसाव्या शतकातील युरोपात प्रोस्टेट वाढलेले अनेक वृद्ध स्वतःच नळी घालून लघवी काढत. नळी टोपीच्या अस्तरात किंवा हातातल्या पोकळ काठीत ठेवून ते हिंडत. नळीमुळे अडलेली लघवी सुटे. पण पुष्कळांना काही दिवसांतच थंडी वाजून ताप येई, आणि काही जण त्यातच दगावत. डॉक्टरांनी त्याला ‘नळीचा ताप’ असे नाव दिले होते. कोणी म्हणे हा मज्जातंतूंना बसलेला धक्का आहे, कोणी मूत्रपिंडाला दोष देई.

याच काळात लुई पाश्चर आंबण्याच्या आणि कुजण्याच्या क्रियांमागे सूक्ष्मजीव असतात हे दाखवत होते. शिळ्या लघवीला येणारा अमोनियाचा उग्र वास हादेखील सूक्ष्मजीवांचाच उद्योग, असे त्यांचे म्हणणे होते. ते युरियाचे विघटन करतात आणि अमोनिया तयार होतो. १८६४ मध्ये बर्लिनचे लुडविग ट्राउबे यांनी हा धागा रुग्णापर्यंत नेला. नळी घातल्यानंतर रुग्णाची लघवी मूत्राशयातच अमोनियायुक्त होत असेल, तर ते जंतू नळीवर बसूनच आत गेले असले पाहिजेत. टोपीतून काढलेली नळी आणि रात्रीचा ताप यांचा संबंध असा लागला. जंतुविरहित नळीचा आग्रह त्यानंतर हळूहळू रुजला.

फुगा आणि उघडी बाटली

पुढची अडचण नळी आत टिकवण्याची. ती निसटू नये म्हणून दोऱ्याने किंवा चिकटपट्टीने बांधत. अमेरिकेतील मिनेसोटाचे मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनी १९३० च्या दशकात नळीच्या टोकाशी एक छोटा फुगा बसवला. आत गेल्यावर पाणी भरून फुगा फुगवायचा, की नळी जागची हलत नाही. त्यांचा हेतू खरे तर प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर फुग्याचा दाब देऊन रक्तस्राव थांबवणे हा होता. एकस्वाचा हक्क मात्र रबर कंपनीत काम करणाऱ्या पॉल राइश यांना मिळाला. तरी जगभर नळीला नाव चिकटले ते फोलींचेच.

फुग्यामुळे नळी आठवडेच्या आठवडे ठेवणे सोपे झाले आणि त्यातूनच नवे संकट उभे राहिले. नळीचे दुसरे टोक खाटेखालच्या उघड्या बाटलीत सोडलेले असे. जंतू बाटलीत वाढत आणि नळीच्या आतून वर चढत. अशा पद्धतीत चार दिवसांत जवळजवळ सर्वच रुग्णांच्या लघवीत जंतू सापडतात, हे १९५० च्या दशकात स्पष्ट झाले. १९५८ मध्ये पॉल बीसन यांनी एका संपादकीय लेखात नळीवर जणू खटलाच भरला : खरोखर गरज नसेल तर नळी घालूच नका.

उपाय साधा होता. नळी, जोडनळी आणि पिशवी मिळून एकच बंद व्यवस्था करायची आणि ती मध्ये कोठेही उघडायची नाही. १९६६ मध्ये कॅल्व्हिन कुनिन आणि मॅकॉर्मॅक यांनी तिचा उपयोग दाखवून दिला. तरीही जंतूंची वाट पूर्ण बंद होत नाही. ते नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरूनही सरकतात. बंद व्यवस्थेतही नळी असेपर्यंत दररोज शंभरातल्या साधारण ३ ते ७ रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. वरच्या वर्गात हे गणित करून पाहता येईल. रोजचे प्रमाण शेकडा ५ धरले, तर चौदा दिवसांनी जंतुमुक्त उरणारा अंश ०.९५ चा चौदावा घात, म्हणजे सुमारे ०.४९. दोन आठवड्यांत निम्मे रुग्ण! एकेक दिवस आधी नळी काढण्याचे मोल या आकड्यात दिसते.

जंतूंची वस्ती

नळीच्या पृष्ठभागावर जंतू सुटे राहत नाहीत. विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळासारखा एक बुळबुळीत थर ते तयार करतात आणि त्याच्या आड राहतात. याला बायोफिल्म म्हणतात. या थरातल्या जंतूंवर प्रतिजैविकांचा परिणाम नीट होत नाही. औषध दिले की लघवीतले जंतू काही काळ कमी होतात. नळीवरची वस्ती कायम राहते आणि पुढे औषधाला न जुमानणारे जंतू वरचढ होतात. म्हणून दीर्घकाळ नळी असलेल्या माणसाच्या लघवीत केवळ जंतू आढळले, पण ताप, थंडी, वेदना काहीच नसेल, तर एरवी प्रतिजैविके देत नाहीत. नळीलाच चांदीचा मुलामा देण्याचाही प्रयत्न झाला. ब्रिटनमध्ये सात हजारांहून अधिक रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. थोड्या दिवसांसाठी घातलेल्या नळीत चांदीमुळे म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही.

प्रोटियस मिराबिलिस हा जंतू विशेष त्रासदायक. त्याचे विकर युरियापासून झपाट्याने अमोनिया बनवते, लघवी अल्कधर्मी होते आणि मॅग्नेशियम व कॅल्शियमच्या फॉस्फेटचे स्फटिक नळीत साचून ती बुजते. पाश्चरांनी पाहिलेलीच ही रासायनिक क्रिया. बुजलेली नळी म्हणजे पुन्हा अडलेली लघवी.

निर्जंतुक की स्वच्छ?

पहिल्या महायुद्धात मणक्याला गोळी लागलेले बहुसंख्य सैनिक मूत्रमार्गाच्या संसर्गाने आणि शय्याव्रणांनी दगावले होते. जर्मनीतून आश्रयाला आलेले डॉ. लुडविग गुटमान यांनी १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे अशा रुग्णांसाठी केंद्र सुरू केले. नळी कायम आत न ठेवता ठरावीक तासांनी घालायची, मूत्राशय रिकामा करायचा आणि नळी लगेच काढायची, ही पद्धत त्यांनी कसोशीने पाळली. ती कडक निर्जंतुक असे. रुग्ण जगू लागले. १९४८ मध्ये तेथे सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली आणि त्यातून पुढे पॅरालिंपिक स्पर्धा उभ्या राहिल्या. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवले ते याच स्पर्धांमध्ये.

त्याच १९७२ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे जॅक लॅपिडीस यांनी एक धाडसी विधान केले : नळी निर्जंतुक नसली तरी चालेल, स्वच्छ असली म्हणजे पुरे, रुग्णाने ती स्वतःच घालावी. जंतू थोडेबहुत आत जाणारच, पण ताणलेल्या मूत्राशयाच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि मग ती जंतूंना तोंड देऊ शकत नाही, असा त्यांचा तर्क. अनेकांना हे पाखंड वाटले. रुग्णांचा अनुभव मात्र लॅपिडीस यांच्या बाजूने गेला.

एका सोप्या हिशेबानेही हे पटते. समजा, जंतू तासाला दुप्पट होतात. चार तासांत ते १६ पट होतील. मूत्राशय जवळजवळ पूर्ण रिकामा करून विसावा भागच आत उरला, तर उरलेले जंतू १६ भागिले २०, म्हणजे मूळच्या ०.८ पट. प्रत्येक फेरीला ते घटत जातील. पण लघवीचा चौथा भाग आत तुंबून राहिला, तर १६ भागिले ४, म्हणजे चौपट. प्रत्यक्ष शरीरात गोष्टी इतक्या सरळ नसतात. तरी वाहते पाणी आणि डबके यांतला फरक येथे दिसतो.

आजचे शहाणपण

कायमची नळी घेऊन जगणाऱ्यांसाठी या सगळ्या इतिहासातून काही साध्या सवयी उरल्या आहेत. नळीला हात लावण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुवावेत. नळीभोवतीची जागा रोज साबण-पाण्याने स्वच्छ करावी. रोज जंतुनाशके चोळायची गरज नसते. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला न टेकता ठेवावी. नळीला पीळ किंवा घडी पडू देऊ नये. ती मांडीला हलकेच बांधावी, म्हणजे हिसका बसत नाही आणि आत टोचत नाही. पिशवी काठोकाठ भरू देऊ नये आणि जोड विनाकारण सोडू नये. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर पाणी भरपूर प्यावे, बद्धकोष्ठ टाळावे, आणि नळी ठरलेल्या मुदतीत बदलून घ्यावी. थंडी-ताप, कंबरेत दुखणे, लघवीत रक्त किंवा नळीतून लघवी येणे थांबणे, यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. पाठीच्या वरच्या भागात किंवा मानेत मज्जारज्जूला इजा झालेल्याला एकाएकी तीव्र डोकेदुखी व घाम सुरू झाला, तर नळी तुंबली असण्याची शक्यता असते. ही तातडीची वेळ असते.

शिक्षकांना या विषयाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. जन्मतः मज्जारज्जूत व्यंग असलेली, म्हणजे स्पायना बायफिडा असलेली, पुष्कळ मुले बुद्धीने इतरांसारखीच असतात. लॅपिडीस यांच्या पद्धतीमुळे अशी मुले दर काही तासांनी स्वतः नळी घालून कोरडी राहू शकतात आणि शाळेत येऊ शकतात. मूत्रपिंडे शाबूत राहण्यासाठी ती वेळ चुकून चालत नाही. ‘तास संपल्यावर जा’ हे वाक्य अशा मुलाच्या बाबतीत लागू करता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याने समावेशक शिक्षणाचा हक्क दिला आहे. व्यवहारात त्याचा अर्थ म्हणजे आतून कडी लागणारे स्वच्छतागृह, वाहते पाणी, साबण, दप्तर ठेवायला कोरडी जागा, आणि त्या मुलाला रोज ठरलेल्या वेळी प्रश्न न विचारता वर्गाबाहेर जाऊ देणारे शिक्षक. उत्सर्जन संस्थेचा धडा शिकवून झाल्यावर आपल्या शाळेत यांतले काय काय आहे, ते एकदा पाहून यावे.