रॉयबॉस चहा : न्याय्य व शाश्वत उत्पादन

रॉयबॉस हे दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य भागात वाढणारे शिंबावंत कुलातील झुडूप असून त्याची सुईसारखी पाने व कोवळ्या फांद्या यांपासून त्याच नावाचा चहा करतात. शास्त्रीय नाव ॲस्पॅलॅथस लिनिॲरिस. नेहमीच्या चहाच्या झाडाशी त्याचे नाते नाही. त्यात कॅफीन नसते व टॅनीनही कमी असते. संपूर्ण उद्योगाने मूळ ज्ञानधारक समाजांना नियमित मोबदला देण्याचा जगातील पहिला करार 2019 मध्ये या चहाबाबत झाला. त्यामुळे वनस्पतिजन्य चहाच्या न्याय्य उत्पादनाच्या चर्चेत रॉयबॉसचे उदाहरण वारंवार दिले जाते.

वनस्पती व प्रक्रिया : केप टाउनच्या उत्तरेकडील सीडरबर्ग पर्वतरांगा व त्यालगतचा बोक्केफेल्ड हा रॉयबॉसचा मूळ प्रदेश. हिवाळी पाऊस, निकस वालुकामय आम्लधर्मी माती आणि ‘फेनबोस’ नावाची झुडपी वनश्री ही या प्रदेशाची वैशिष्ट्ये. रॉयबॉसचे सोटमूळ खोल जाते आणि मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात. इतरत्र व्यापारी लागवड रुजलेली नाही. तेथील उन्हाळ्यात, म्हणजे साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात, फांद्या कापून बारीक चिरतात, ओल्या करून चेचतात व ढीग लावून ठेवतात. ऑक्सिडीकरणाने त्यांना तांबडा रंग व गोडसर वास येतो. मग त्या उन्हात पसरून वाळवतात. ऑक्सिडीकरण टाळून केलेला माल ‘हिरवा रॉयबॉस’ म्हणून विकला जातो.

व्यापाराचा इतिहास : रानातून झुडूप कापून आणून चहा करण्याची रीत या डोंगराळ भागातील स्थानिक लोकांची. रशियातून आलेले व्यापारी बेंजामिन गिन्सबर्ग यांनी 1904 मध्ये तो विकत घेऊन बाजारात आणला. क्लानविल्यम गावचे डॉक्टर पीटर ले फ्रास नॉर्टियर यांनी 1930 च्या सुमारास लागवडीचे तंत्र बसवले. बियांचे टणक कवच खरवडल्याशिवाय उगवण नीट होत नाही, हे त्यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. रानातले बी वेचून आणण्याचे काम मात्र स्थानिक लोकांनी केले. 1954 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी नियंत्रण मंडळाने खरेदी-विक्री आपल्या हाती घेतली. 1993 मध्ये ही व्यवस्था संपून बाजार खुला झाला. वर्णभेदी कायद्यांच्या काळात जमीन, कर्ज व बाजार यांचा लाभ मुख्यतः गोऱ्या शेतकऱ्यांना मिळाला. आज उत्पादनापैकी सुमारे निम्मा माल निर्यात होतो. जर्मनी व जपान हे मोठे ग्राहक आहेत.

नावावरील हक्क : 1994 मध्ये अमेरिकेत ‘रॉयबॉस’ या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली होती. दीर्घ वादानंतर 2005 मध्ये नावावरील हा दावा सोडून देण्यात आला. 2021 मध्ये युरोपीय संघाने या नावाला संरक्षित उगमनामाचा दर्जा दिला. त्यामुळे ठरलेल्या प्रदेशात, ठरलेल्या पद्धतीने तयार झालेला मालच तेथे या नावाने विकता येतो.

ज्ञानाचा मोबदला : दक्षिण आफ्रिकेचा 2004 चा जैवविविधता कायदा आणि 2014 मध्ये अंमलात आलेला नागोया करार यांनुसार जैविक संसाधनाच्या व पारंपरिक ज्ञानाच्या व्यापारी वापरातील लाभ ज्ञानधारकांबरोबर वाटून घ्यावा लागतो. मूळ ज्ञानधारक समाजांपैकी सान समाजाच्या परिषदेने 2010 मध्ये रॉयबॉसवरील हक्क मांडला. पुढे खोई हा दुसरा मूळ समाजही त्यात सामील झाला. उद्योगाने सुरुवातीला हा दावा मान्य केला नाही. त्यावर सरकारने अभ्यास करवून घेतला. 2014 च्या त्या अहवालात दावा खोडून काढणारा पुरावा नसल्याचा निष्कर्ष निघाला. सुमारे नऊ वर्षांच्या वाटाघाटींनंतर 2019 मध्ये करार झाला. त्यानुसार प्रक्रिया करणारे उद्योग मालाच्या बांधावरील भावाच्या 1.5 टक्के रक्कम दरवर्षी देतात आणि ती सान व खोई समाजांच्या न्यासांत समान वाटली जाते. 1 कोटी 22 लाख रँडचा पहिला हप्ता 2022 मध्ये मिळाला.

याआधी होडिया या भूक मारणाऱ्या वनस्पतीबाबत 2003 मध्ये सान समाज व तेथील सरकारी संशोधन संस्था यांच्यात करार झाला होता. मात्र त्या वनस्पतीपासून अपेक्षित उत्पादन बाजारात आलेच नाही आणि मोबदलाही नगण्य राहिला. रॉयबॉसच्या बाबतीत बाजारपेठ शंभर वर्षांहून जुनी होती आणि करार मागाहून आला; म्हणूनच त्यातून प्रत्यक्ष पैसा उभा राहिला.

लहान शेतकरी व रानातील कापणी : वुपरटाल हे जुने मिशनगाव आणि दक्षिण बोक्केफेल्ड येथील लहान शेतकऱ्यांचा एकूण उत्पादनातील वाटा फार थोडा आहे. दक्षिण बोक्केफेल्डमधील हेइफेल्ड सहकारी संस्था सेंद्रिय व फेअरट्रेड प्रमाणित माल थेट परदेशी खरेदीदारांना विकते. तिचे सभासद लागवडीबरोबर रानातील झुडपांचीही कापणी करतात. लागवडीतील झुडूप काही वर्षांत मरते, तर रानातील अनेक प्रकार वणव्यानंतर बुंध्यातून पुन्हा फुटतात व दीर्घकाळ जगतात. त्यांची वाढ सावकाश होत असल्याने दरवर्षी कापणी न करता मध्ये विश्रांती देणे, पुरेसा पाला मागे ठेवणे असे नियम पाळावे लागतात.

पर्यावरण : मागणी वाढली की नव्या लागवडीसाठी फेनबोसची जमीन नांगरली जाते. एकाच पिकाच्या उघड्या वाळूवर वाऱ्याने धूप होते. यावर उपाय म्हणून शेतांमध्ये नैसर्गिक झुडपांचे पट्टे राखतात आणि संवेदनशील भूखंड लागवडीतून वगळतात. प्रदेश लहान व पाऊस अनिश्चित असल्याने दुष्काळाचा फटका थेट बसतो. हवामानबदलाने लागवडयोग्य क्षेत्र घटण्याची भीती आहे.

प्रमाणपत्रे व मर्यादा : सेंद्रिय प्रमाणपत्र रसायनांच्या वापराविषयी सांगते, फेअरट्रेड किमान भाव व सामुदायिक निधीविषयी, फेअरवाइल्ड रानातील वेचणीच्या मर्यादांविषयी. यांतील कोणतेही एक प्रमाणपत्र जमिनीच्या विषम वाटणीचा प्रश्न सोडवत नाही. 2019 च्या करारालाही हीच मर्यादा आहे. तो ज्ञानाचा मोबदला देतो. मूळ समाजांची हिरावलेली जमीन परत मिळवून देत नाही. शिवाय आकारणी बांधावरील भावावर असल्याने भाव पडला की न्यासांची रक्कमही घटते. परदेशात डबाबंद करताना, सुवास मिसळताना किंवा ब्रँडच्या नावाने मालाची जी किंमत वाढते, ती या हिशोबात येत नाही. भारतातही 2002 च्या जैविक विविधता कायद्यात लाभवाटपाची तरतूद असून स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या लोकांच्या ज्ञानाची नोंदवही ठेवतात. मात्र एकाच पिकाच्या सर्व प्रक्रियाउद्योगांवर समान दराने वार्षिक आकारणी हे रॉयबॉस कराराचे वेगळेपण होय.