वनाहवालांची भाषा : आधी शब्द, मग आकडे

देशातील वनांचा अहवाल प्रसिद्ध झाला की चर्चा होते ती आकड्याची. डेहराडून येथील ‘भारतीय वन सर्वेक्षण’ ही संस्था १९८७ पासून साधारणतः दर दोन वर्षांनी हा अहवाल काढते. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार देशातील वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे भौगोलिक क्षेत्राच्या २१.७६ टक्के आहे. आकडा नेमका आहे. मात्र तो कशाचा, हे ‘वनाच्छादन’ या शब्दाच्या व्याख्येत दडलेले असते. शाश्वत वनव्यवस्थापन शिकविताना अहवालांच्या भाषेचे विश्लेषण उपयोगी पडते ते येथेच.

किमान एक हेक्टर जमीन आणि तिच्यावर किमान दहा टक्के वृक्षछत्र असले की ती जमीन वनाच्छादनात धरली जाते. मालकी कोणाची, झाडे कोणत्या जातीची, ती लावलेली की आपोआप वाढलेली, हे पाहिले जात नाही. उपग्रहाला वरून छत्र दिसते, सातबारा दिसत नाही! त्यामुळे सह्याद्रीतील सदाहरित जंगल आणि कोकणातील आंब्या-काजूची मोठी बाग एकाच बेरजेत येऊ शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची व्याख्या मात्र फळबागांना वनातून वगळते. याच्या नेमके उलट ‘नोंदित वनक्षेत्र’ या संज्ञेचे आहे. सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद झालेली जमीन त्यात येते, मग तिच्यावर झाड असो वा नसो. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी ‘वन’ या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ ग्राह्य धरला, तेव्हा अर्थाचा हा प्रश्न थेट जमिनीच्या वापराशी जोडला गेला.

‘वाढ’ हा शब्दही असाच फसवा. १९९९ च्या अहवालात वनाच्छादन ६,३७,२९३ चौरस किलोमीटर होते, तर २००१ च्या अहवालात ते ६,७५,५३८ झाले. मात्र या दोन वर्षांत मोजणीची रीतच बदलली होती. पूर्वी २५ हेक्टरांहून लहान वनखंड नकाशावर येत नसत, आता एक हेक्टराचे येऊ लागले. या दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करून ‘जंगल वाढले’ असे म्हणता येत नाही.

शब्द बदलल्याने कोणाचे काय बदलते, याचे सर्वांत बोलके उदाहरण बांबूचे आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत. पण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने त्याची गणना ‘वृक्षा’त केली होती. वृक्ष म्हटल्यावर तोड आणि वाहतुकीचे परवाने आलेच. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला ‘गौण वनोपजा’त स्थान दिले. त्याआधारे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेला एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार मिळाला. वृक्षाच्या व्याख्येतील ‘बांबू’ हा शब्द मात्र २०१७ मध्ये वटहुकमाने वगळण्यात आला. वनाबाहेर बांबू लावणाऱ्या शेतकऱ्यांची त्यामुळे सोय झाली. अधिनियमातून एक शब्द जाण्यास ९० वर्षे लागली. ज्यावर गावाचा संसार चालतो त्या उत्पन्नाला ‘गौण’ म्हणणेही विचार करण्याजोगे आहे. गौण ते कोणाच्या हिशेबात? अर्थात लाकडापासून महसूल मोजणाऱ्या खात्याच्या.

व्याख्यांइतकीच वाक्यरचनाही तपासण्याजोगी असते. वन विभागाच्या कार्य आयोजनांतून ‘जैविक दबाव’ हा शब्दप्रयोग नेहमी आढळतो. चराई, सरपणासाठीची तोड, पाल्यासाठी फांद्या छाटणे असे सारे त्यात मावते. एका शब्दात गुरे, गुराखी आणि मोळी विकणारी बाई यांचे वेगवेगळे प्रश्न पुसले जातात, आणि उपाय म्हणून उरते ते केवळ कुंपण. दुसरीकडे धरण वा खाणीसाठी वन गेले तर ‘क्षेत्र वळते करण्यात आले’ असे लिहिले जाते. या वाक्यात कर्ता नाही, आणि तोडलेले झाडही नाही.

‘शाश्वत’ या कल्पनेचा उगमही लाकडाच्या हिशेबातलाच आहे. सॅक्सनीतील खाणींना लाकूड अपुरे पडू लागल्यावर तेथील खाण अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ च्या आपल्या ग्रंथात, जेवढे वाढते तेवढेच तोडण्याचा विचार मांडला. १८६४ मध्ये भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झालेले डिट्रिच ब्रँडिस हे जर्मनच होते. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने पर्यावरणीय समतोल हे प्रधान उद्दिष्ट ठरवून थेट आर्थिक लाभ त्याच्याखाली ठेवला.

एकाच वनविभागाच्या १९८८ पूर्वीच्या आणि नंतरच्या कार्य आयोजना शेजारी ठेवून ‘उत्पादन’, ‘कूप’, ‘संरक्षण’, ‘लोकसहभाग’ हे शब्द कोठे, किती वेळा आणि कोणत्या क्रियापदासह येतात, हे विद्यार्थ्यांना शोधायला सांगता येते. नीती बदलली तशी आयोजनेतील कामेही बदलली, की केवळ प्रस्तावनाच बदलली, हे त्यातून तपासता येते.