कबुली कोणी द्यायची?

मे महिन्यात मुळशी धरणाचं पाणी खाली जातं आणि काठावर भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. गेल्या उन्हाळ्यात एका शनिवारी ऑफिसमधला एक मित्र आणि मी त्या पट्ट्यावरून चालत होतो. आमचं हिंजवडीचं ऑफिस मुळशी तालुक्यातच येतं, पण टीममधल्या निम्म्या लोकांना हे माहीतही नसतं. चालताना एके ठिकाणी गाळात ओळीनं बसवलेले दगड दिसले. कोणाच्या तरी घराचं जोतं असावं.

मला ठाऊक होतं तेवढं मी मित्राला सांगितलं. मुंबईला वीज हवी होती. टाटा कंपनीनं मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं ठरवलं. सरकारनं 1894च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन मावळ्यांच्या जमिनी कंपनीला मिळवून दिल्या. पन्नासहून अधिक गावांवर पाणी येणार होतं. 16 एप्रिल 1921ला, रामनवमीच्या दिवशी, इथे सत्याग्रह सुरू झाला. धरण तरीही झालं.

मित्र म्हणाला, "म्हणजे सगळं कायदेशीर होतं. मग पाप कोणाच्या नावावर?"

मला हसू आलं, पण तो गंभीर होता. तो वसईचा, कॅथलिक घरातला. "लहानपणी आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली होती," तो म्हणाला. "पापाची कबुली देताना 'झालं' म्हणायचं नाही. 'केलं' म्हणायचं."

हे वाक्य मला लागलं, कारण त्याच आठवड्यात ऑफिसात मी एक अहवाल लिहिला होता. आमच्या एका सॉफ्टवेअरमध्ये दोष राहिला आणि ग्राहकांचे काही व्यवहार अडकले. कारण या रकान्यात मी लिहिलं होतं, 'एक चाचणी वगळली गेली.' ती वगळली गेली नव्हती. मी वगळली होती, शुक्रवारी संध्याकाळी, घाईत, वगळतोय हे माहीत असताना.

त्यानंतर काही महिने मी कॅथलिक शिकवणुकीतलं पाप आणि सदसद्विवेकबुद्धी याबद्दल मिळेल ते वाचत होतो. मी ना कॅथलिक, ना धर्मशास्त्राचा अभ्यासक. पण वाचता वाचता गोव्यात पोचलो, आणि तिथून परत मुळशीला.

*

देवाशी असलेलं नातं तोडणारं गंभीर पाप घडायला कॅथलिक शिकवणुकीत तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. कृत्य मुळात गंभीर असलं पाहिजे. ते वाईट आहे याची करणाऱ्याला पूर्ण जाणीव हवी. आणि त्यानं ते राजीखुशीनं केलेलं हवं. तिन्हींतली एक जरी नसली तरी गंभीर पाप ठरत नाही. आपल्याकडे विटाळ नकळत लागतो. इथे पाप नकळत लागत नाही, ते करावं लागतं.

बरंवाईट ठरवणारा नियम कुठून येतो, याचं उत्तर संत पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. ज्यांना मोशेचं धर्मशास्त्र मिळालंच नाही, त्यांच्याही हृदयावर नियम लिहिलेला असतो आणि त्यांची सदसद्विवेकबुद्धी त्याची साक्ष देते, असा त्याचा भाव. म्हणजे सरकारनं केला तो कायदा हाच नीतीचा नियम, असं नाही. आणि मला वाटेल ते बरोबर, असंही नाही. सदसद्विवेकबुद्धी नियम तयार करत नाही. समोरच्या एका कृत्याला तो नियम लावून ती निवाडा देते. तो निवाडा चुकू शकतो, म्हणून तिला शिकवत राहणं हेही माणसाचं कर्तव्य.

हा निवाडा चुकला तर? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं या प्रश्नाचं धाडसी उत्तर दिलं. चुकलेली सदसद्विवेकबुद्धीसुद्धा बांधून ठेवते. आपल्याला जे वाईट वाटतं ते करणं म्हणजे वाईटाची निवड करणंच. त्यानं उदाहरण दिलं ते खुद्द ख्रिस्तावरच्या श्रद्धेचं. ही श्रद्धा चांगलीच आहे. पण एखाद्याच्या बुद्धीला ती वाईट वाटत असेल, तर तशा मनानं ती स्वीकारणं त्याच्यासाठी वाईट ठरेल. याच अक्वायनसनं असंही लिहिलं की जे कधीच ख्रिस्ती नव्हते त्यांच्यावर श्रद्धेची सक्ती करू नये, पण एकदा श्रद्धा स्वीकारून जे फिरले त्यांच्यावर करावी; हट्टी पाखंड्याला मृत्युदंडासाठी राजसत्तेच्या हवाली करणंही त्याला योग्य वाटलं. एकाच ग्रंथात ही दोन्ही मतं नांदतात.

तीच जोडी 1215 सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेतही दिसते. तिच्या 21व्या नियमानं प्रत्येक सज्ञान कॅथलिकाला वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे पापाची कबुली देणं बंधनकारक केलं. ऐकलेलं पाप बाहेर फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून जन्मभर मठात प्रायश्चित्त करायला लावावं, असंही त्याच नियमात आहे. तिसरा नियम पाखंड्यांना राजसत्तेच्या हाती देण्याचा. थोडक्यात, एकाच परिषदेनं दोन न्यायालयांना बळ दिलं. एक आतलं, दुसरं बाहेरचं. साडेतीनशे वर्षांनी ही दोन्ही गोव्यात शेजारी शेजारी चालू होती.

*

ऑक्टोबर 1579मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक राहणं जोखमीचं होतं. ज्या थॉमस पाउंडबरोबर त्यानं जेझुइट व्हायचं ठरवलं होतं, तो मित्र पकडला गेला आणि त्यानं आयुष्याची जवळपास तीस वर्षं तुरुंगांत काढली. राजाचा धर्म एक आणि आपल्या मनाची साक्ष दुसरी, ही कोंडी काय असते हे स्टीफन्सला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

पुढची सुमारे चाळीस वर्षं त्यानं मुख्यतः सासष्टीत काढली. 1616 साली राशोलला त्याचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. मराठी भाषा, रोमन लिपी आणि जवळपास अकरा हजार ओव्या. त्यात एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं काही का देत नाही? स्टीफन्सचा हा ग्रंथ म्हणजे त्या प्रश्नाला दिलेलं उत्तर. स्वर्गासाठी तो बिनदिक्कत 'वैकुंठ' म्हणतो. 1619मध्ये तो वारला आणि तीन वर्षांनी त्याची कोकणीतली धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी छापून निघाली. आज्ञा कोणत्या, पापं कोणती, हे सासष्टीतल्या पोरांना आता आपल्या भाषेत पाठ करता येऊ लागलं.

ही केवळ भाषेची हौस नव्हती. पापाची कबुली भाषेवाचून देताच येत नाही. गुडघे टेकून 'मी केलं' म्हणणाऱ्या बाईचं बोलणं समोरच्या पाद्रीला कळलंच नाही, तर ते न्यायालय भरणार कसं? आतल्या न्यायालयाला कोकणी आणि मराठी यावी लागत होती.

त्या प्रश्नोत्तरीच्या मुखपृष्ठावर मात्र इन्क्विझिशनची परवानगी छापलेली आहे. हे बाहेरचं न्यायालय. गोव्यात ते 1560 साली स्थापन झालं, 1774मध्ये बंद पडलं, 1778मध्ये पुन्हा सुरू झालं आणि 1812मध्ये कायमचं संपलं. जुन्या गोव्यातल्या त्याच्या इमारतीला लोक 'व्हडलें घर', म्हणजे मोठं घर म्हणत. अ. का. प्रियोळकरांनी 1961 साली इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकामुळे हा इतिहास आपल्याकडे नीट माहीत झाला. दप्तर बहुतेक नष्ट झालं, तरी उरलेल्या यादीत 16 हजारांहून अधिक खटल्यांची नोंद आहे.

आत काय चाले ते डेलॉन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं लिहून ठेवलं. तो स्वतः कॅथलिक होता. दमणला पकडला गेला, गोव्यात कैदेत राहिला आणि 1676 साली त्याला शिक्षा झाली. कैद्याला आरोप सांगत नसत. तुला का धरलं असेल ते तूच ओळख आणि कबूल कर, असं म्हणत. तक्रार कोणी केली तेही गुप्त.

आता ही दोन न्यायालयं शेजारी ठेवून पाहा. आतल्यात माणूस स्वतःविरुद्ध बोलतो. बाहेरच्यात शेजारी त्याच्याविरुद्ध बोलतो. आतल्यात गुप्तता कबुली देणाऱ्याला राखते. बाहेरच्यात ती चुगली करणाऱ्याला राखते. आतल्याचा शेवट क्षमेत आणि प्रायश्चित्तात. बाहेरच्याचा जप्तीत, गुलामीत, क्वचित आगीत. दोन्हीकडे शब्द मात्र एकच, कबुली.

1736च्या फर्मानानं तर नव्या ख्रिस्ती घरांतल्या कितीतरी रूढींवर बंदी घातली. दारात तुळस लावायची नाही, धोतर नेसायचं नाही, बिनमिठाचा भात शिजवायचा नाही. इथे मला त्या तीन अटी आठवतात. आईनं शिजवला तसा भात एखादी बाई शिजवते, यात गंभीर कृत्य कुठलं, वाईटाची जाणीव कुठली आणि वाईटाला संमती कुठली? चर्चच्याच कसोटीवर घासलं तर ते पाप ठरतच नव्हतं. शिकवण शेजारच्या कॉलेजात शिकवली जात होती. ती लावायची तेव्हा लावली गेली नाही.

बघा, मीही लिहून गेलो, 'लावली गेली नाही.'

*

7 डिसेंबर 1965ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं धर्मस्वातंत्र्यावरचा जाहीरनामा मंजूर केला. धर्माच्या बाबतीत कोणालाही त्याच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागायला भाग पाडू नये, असं चर्चनं अधिकृतपणे म्हटलं. त्याच दिवशी मंजूर झालेल्या दुसऱ्या दस्तऐवजानं सदसद्विवेकबुद्धीला माणसाचा गाभारा मानलं. तिथे माणूस आणि देव, दोघंच. गोवा मुक्त होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, इन्क्विझिशन संपून दीडशेहून अधिक.

तळ्याकाठच्या मित्राच्या प्रश्नाशी याहून जवळचं काही मला 1984च्या एका पत्रात सापडलं. पापाला एकच माणूस जबाबदार नसतो, व्यवस्थाही पाप करते, असं तेव्हा बरेच जण म्हणू लागले होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी हे मान्य केलं, पण एक पाचर मारून ठेवली. व्यवस्थेचं पाप म्हणजे पुष्कळ माणसांच्या आपापल्या पापांची बेरीज. जे अन्याय करतात त्यांचं, जे त्यावर पोसतात त्यांचं, आणि थांबवू शकत असूनही आळसानं, भीतीनं किंवा 'जग काय बदलणार आहे' म्हणून जे गप्प बसतात त्यांचंही. थोडक्यात, व्यवस्थेच्या नावावर जमा करून कोणालाच सुटता येत नाही.

12 मार्च 2000ला रोममध्ये याच पोपनी चर्चच्या इतिहासातल्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली. सत्याच्या सेवेसाठी असहिष्णू मार्ग वापरल्याची कबुली कार्डिनल रात्झिंगर यांनी वाचली. रोमच्या इन्क्विझिशनचा वारसा ज्या खात्याकडे आला, त्याचे ते प्रमुख होते. गोव्याचं नाव त्यात नव्हतं. आणि भाषा होती चर्चच्या लेकरांच्या पापांची, चर्चच्या पापांची नव्हे. काहींना ही पळवाट वाटली. मलाही वाटते. तरी एवढी मोठी संस्था त्या दिवशी 'झालं'कडून 'केलं'कडे एक पाऊल सरकली, हेही खरं.

*

मुळशीत असा दिवस अजून आलेला नाही. सरकार म्हणालं, कायद्यानं झालं. कंपनी म्हणाली, मोबदला दिला. इथल्या बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांकडे गहाण होत्या आणि त्यांतल्या अनेकांना मोबदलाच हवा होता. मुंबईला दिवे लागले. पश्चिमेला कोकणात भिऱ्याला ते पाणी आजही वीज करतं. 1984च्या पत्रातली यादी इथे ओळीनं लागू पडते. अन्याय करणारे, पोसलेले, गप्प बसलेले.

या सगळ्यात 'मी केलं' म्हणणारा माणूस भेटतो तो पांडुरंग महादेव बापट, सेनापती बापट. सत्याग्रहात त्यांनी वारंवार तुरुंगवास भोगला. 1924च्या अखेरीस त्यांनी रुळांवर दगड रचून, शस्त्र हाती घेऊन धरणाच्या कामाची गाडी अडवली, पळून न जाता अटक करवून घेतली आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. कॅथलिक शिकवणीला हे कृत्य पटणार नाही. चांगल्या हेतूनं वाईट साधन चांगलं होत नाही, हे तिचं जुनं सूत्र आहे. गांधीजींच्या कसोटीलाही ते उतरणारं नव्हतं. कृत्य बरोबर होतं का, यावर वाद घालता येतो. कोणी केलं, यावर येत नाही. मुळशीच्या बाकीच्या हिशेबात नेमकं उलटं आहे.

सोमवारी मी अहवाल उघडून 'वगळली गेली'च्या जागी 'मी वगळली' असं लिहिलं. मॅनेजरनी संध्याकाळी ते पुन्हा पहिल्यासारखं केलं. "व्यक्ती नको, प्रोसेस लिहू," ते म्हणाले. त्यांचंही अगदी चूक नाही. दोष देणार नाही अशी खात्री असली तरच लोक खरं सांगतात. पापनिवेदनाच्या गुप्ततेमागेही हाच शहाणपणा आहे. पण तिथे गुप्त राहतं ते नाव. कर्ता वाक्यातून गायब होत नाही. ज्यांचे व्यवहार अडकले होते त्यांच्या निरोपांना उत्तरं देण्याचं काम मी मागून घेतलं. प्रायश्चित्त म्हणण्याइतकं ते मोठं नव्हतं.

जुलैत मित्र आणि मी पुन्हा मुळशीला गेलो. पाणी वर आलं होतं. जोतं कुठे होतं ते आम्हा दोघांनाही नक्की दाखवता आलं नाही.